काळजाचा तुकडा

मराठी भाषेंत 'काळीज' या शब्दाचा संसार दुहेरी आहे. कवीच्या हातीं तो लागला म्हणजे त्याचा अर्थ हृदय असा होतो. खाटकाच्या दुकानीं तोच शब्द उच्चारला तर ताजव्यांत यकृत येऊन पडतें. काळीज कुरतडणें, काळजाचें पाणी होणें, काळजाला घरें पडणें या वाक्प्रचारांतलें सारें दुःख आपण छातीच्या डाव्या अंगास नेऊन ठेवितों. परंतु ज्यांनीं हे प्रयोग प्रथम केले त्यांची दृष्टि उजव्या बरगड्यांखालीं गेलेलीच नसेल, असें आम्हांस खात्रीनें सांगवत नाहीं. कुरतडलें जाणें आणि घरें पडणें या क्रिया हृदयापेक्षां यकृताच्याच दुखण्यास अधिक शोभतात. हृदय बिघडलें म्हणजे तें बहुधा आरडाओरड करतें. यकृत वर्षानुवर्षें कुरतडलें जात असतें आणि घरच्या माणसांस त्याची दादही नसते.

आपल्या लेकरास आपण 'काळजाचा तुकडा' म्हणतों तें लाक्षणिक अर्थानें. प्रस्तुत लेख त्या शब्दांच्या वाच्यार्थाविषयीं आहे. कुत्र्यांना होणारा यकृताचा जुनाट विकार ओळखण्याकरितां त्या अवयवाचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावे लागतात. ते कां, कसे, आणि त्यांनीं दिलेली साक्ष कितपत मानावी, एवढाच आमचा विषय. आमचा धंदा महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. तेव्हां या प्रांतांत आमचा अधिकार तो काय, असें वाचक विचारतील. अधिकार इतकाच, कीं आमच्या घरच्या एका चतुष्पाद कुटुंबीयामुळें या शास्त्राच्या उंबऱ्यावर आम्हांस कांहीं महिने उभें राहावें लागलें, आणि तेथून आंत जें दिसलें तें आमच्या स्वतःच्या धंद्यासही लागू पडण्यासारखें वाटलें.

प्रथम यकृताच्या स्वभावाविषयीं दोन शब्द. एकत्र कुटुंबांत एखादा कर्ता पुरुष असतो. धान्य भरणें त्याच्याकडे, देणेंघेणें त्याच्याकडे, आणि दारीं आलेली पीडा परस्पर मिटविणेंही त्याच्याकडेच. शरीरांत हें काम यकृताचें. आंतड्यांनीं शोषलेलें अन्न रक्तावाटे प्रथम त्याच्याकडे येतें. साखर सांठविणें, प्रथिनें घडविणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें तयार करणें, पित्त करणें, विषारी पदार्थ निरुपद्रवी करणें, हीं सारीं कामें तें एकटें करतें. त्याची राखीव शक्तिही मोठी. निरोगी कुत्र्याच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून टाकला तरी उरलेला भाग काम निभावून नेतो व पुन्हां वाढतो. परंतु हा गुणच निदानाच्या वेळीं आड येतो. कर्ता पुरुष कर्जांत बुडत असतां घरांतील जेवणावळी चालूच असाव्या, तसें होतें. भूक किंचित् मंदावते, अधूनमधून ओकारी होते, पाणी थोडें जास्त प्यालें जातें, अंगांत आळस भरतो. पण यांतलें कोणतें लक्षण आपल्याकडील उन्हाळ्यांत धडधाकट कुत्र्यास दिसत नाहीं? डोळ्यांत कावीळ उतरली किंवा पोटांत पाणी सांठलें म्हणजे मग सर्वांच्या लक्षांत येतें. परंतु त्या वेळीं बहुधा वेळ निघून गेलेली असते.

आमची सोनी ही लॅब्रॅडोर जातीची, पिवळसर रंगाची, सहा वर्षांची कुत्री. दांत स्वच्छ करण्यासाठीं तिला भूल द्यावयाची होती, म्हणून आधीं रक्त तपासलें; त्यांत यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे रक्तांत उतरणारें जें 'एएलटी' नांवाचें द्रव्य, तें नेहमींच्या मर्यादेच्या चौपट निघालें. दोन महिन्यांनीं पुन्हां तपासलें, तेवढेंच. उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोस्पायरा रोगाची चांचणी झाली, ती निर्दोष ठरली. सोनोग्राफींतही कांहीं वावगें दिसेना. सोनी तर दोन्ही वेळचें जेवण ताट चाटून संपवीत होती. आमच्या पशुवैद्य डॉक्टरीणबाई वयानें तरुण, बोलण्यांत मोजक्या. त्या म्हणाल्या, "सर, घरांत कांहीं तरी जळतंय एवढंच रक्त सांगतं. काय जळतंय, कोणत्या खोलींत, आणि किती दिवसांपासून, हें बाहेरून नाहीं कळत. लिव्हरचे तुकडे काढून पाहायला हवेत."

घरीं हें सांगतांच आमच्या कुटुंबाचा विरोध झाला. आणि तो भावनेचा होता तसाच विचाराचाही होता. "अहो, ती खाते, खेळते, पोस्टमनवर भुंकते," त्या म्हणाल्या. "जिथं दुखत नाहीं तिथं कापायचं कशाला? माणसाला निदान विचारतात तरी. हिला विचारतां येत नाहीं, म्हणूनच आपण एवढे धीट." परदेशीं असलेल्या चिरंजीवांनीं फोनवर मधला मार्ग सुचविला: तूर्त औषध द्यावें, गुण आला तर आला. या दोन्ही मतांत आम्हांस तथ्य वाटलें, विशेषतः पहिल्यांत. मुक्या प्राण्याच्या वतीनें होकार देण्याचा हक्क आपणांस कोणीं दिला, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गांत विचारणें सोपें. भुलेच्या संमतिपत्रावर सही करतांना तो फार जड होतो.

डॉक्टरीणबाईंनीं चिरंजीवांच्या मताचें उत्तर आधीं दिलें. कोणतें औषध द्यावें? शरीराची संरक्षकशक्ति स्वतःच्याच यकृतावर उलटली असेल तर तिला दाबणारीं स्टेरॉइडसारखीं औषधें द्यावीं लागतात. यकृतांत तांबें सांठलें असेल तर तें बाहेर काढणारें औषध द्यावें लागतें. जंतूंचा उपद्रव असेल तर स्टेरॉइडनें तो वाढावयाचा. शिवाय स्टेरॉइडनें कुत्र्यांच्या रक्तांतील यकृताचे आंकडे स्वतःच चढतात, म्हणजे पुढील वाटही धुकटून जाते. उलट तांबें नसलेल्या शरीरांतून तांबें काढीत बसलें तर शरीराला आवश्यक असलेलें तांबेंही जातें. सारांश, न पाहतां दिलेलें औषध हें दयेसारखें दिसलें तरी तो जुगार असतो, आणि डावावर लागलेला जीव आपला नसतो.

येथें आम्हांस आमच्या धंद्यांतील एक जुना अनुभव आठवला. नांव ठेवलें म्हणजे वस्तु कळली असें मनुष्यास वाटतें. १८१९ सालीं फ्रेंच वैद्य लॅनेक यानें आक्रसलेल्या, गांठाळ यकृताला 'सिऱ्होसिस' हें नांव दिलें. त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील पिंगट रंगाच्या शब्दांत आहे. म्हणजे ज्या नांवानें पुढें दोन शतकें वैद्य व रोगी दोघेही भ्याले, तें नांव मुळांत रंगाचें वर्णन होय. कारणाचा त्यांत उल्लेखही नाहीं. 'एएलटी वाढलें' हेंही तसेंच. बुरशी लागलेल्या मक्यांतील विष, फिट्सवरील कांहीं औषधें, जंतु, तांबें, शरीराचें अंतर्गत वैर, या सर्वांनीं तोच आंकडा वाढतो. शिवाय रक्ताची भाषा केवळ वर्तमानकाळाची आहे. आज पेशी फुटत आहेत, इतकेंच तें बोलतें. ही स्थिति पंधरवड्याची कीं दोन वर्षांची, हें सांगण्यास त्याच्या व्याकरणांत भूतकाळच नाहीं. 'जुनाट' हें विशेषण लावावयाचें तर भूतकाळ बोलणारा साक्षीदार पाहिजे, आणि तो शरीरांत एकच आहे: खुद्द यकृताची घडण.

हा साक्षीदार बोलावण्याची रीत तशी जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यानें १८८३ सालीं मनुष्याच्या यकृतांत सुई घालून अंश काढला होता. १९५८ सालीं इटलींतील मेंगिनी यानें एका क्षणांत नमुना घेणारी सुई प्रचारांत आणली, तेव्हांपासून ही क्रिया सार्वत्रिक झाली. कुत्र्याच्या बाबतींत तीन वाटा आहेत: कातडीवरून सुई घालणें, पोट उघडून पाचर कापणें, किंवा पोटावर लहान छिद्रें पाडून दुर्बिणीनें पाहत चिमट्यानें तुकडे घेणें. कोणतीही वाट धरली तरी आधीं रक्त नीट गोठतें कीं नाहीं हें पाहावें लागतें. कारण रक्त गोठविणारीं द्रव्यें यकृतच तयार करतें, आणि शंका तर त्या यकृताचीच आलेली असते.

सुईची वाट सर्वांत सोपी. पण तिच्याविषयीं एक गोष्ट वाचून आम्ही थबकलों. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत १२४ कुत्र्यामांजरांच्या यकृताचे बारीक सुईनें काढलेले नमुने व पाचरीसारखे कापलेले मोठे नमुने यांची तुलना केली होती. दोहोंवरून निघालेलें मुख्य निदान अवघ्या ४८ टक्के प्राण्यांत जुळलें. याचें कारण उघड आहे. कुत्र्याच्या यकृताला सहा खंड असतात आणि रोग त्या सर्वांत सारख्या मापानें वांटलेला नसतो. जो अंश सुईच्या वाटेंत आला तोच बोलणार. चारशें पानांच्या कादंबरीचें परीक्षण तिसऱ्या पानावरून लिहिणारे परीक्षक या मासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहींत. ते खोटें लिहितात असें नाहीं, तिसऱ्या पानाविषयीं ते जें लिहितात तें खरेंच असतें. म्हणून आजचे जाणकार निदान दोन वेगवेगळ्या खंडांतून, अनेक तुकडे मागतात. आणि ज्या ठिकाणीं यकृतांत रक्त येतें अशीं डझनभर तरी ठिकाणें त्या तुकड्यांत दिसावीं, असा आग्रह धरतात. अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या अंतर्गतवैद्यकाच्या संस्थेनें २०१९ सालीं कुत्र्यांच्या जुनाट यकृतदाहावर जें एकमतपत्र काढलें, त्याचा रोखही असाच आहे. एक तुकडा जंतूंसाठीं आणि एक तांबें मोजण्यासाठीं वेगळा ठेवावा, अशीही सूचना त्यांत आहे. हें सारें आम्हीं आमच्या कुटुंबास वाचून दाखविलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "कापायचंच असेल तर एकदांच, आणि पुरेसं." ही संमतीच होती. दुर्बिणीची वाट ठरली, आणि मुंबईंतील एका रुग्णालयांत तें काम सुखरूप पार पडलें.

तुकडा काढल्यावर त्याचा पुढील प्रवास असा. प्रथम तो फॉर्मॅलिनमध्यें बुडवितात, म्हणजे नासण्याची क्रिया थांबते. मग त्यांतील पाणी काढून तो मेणांत बसवितात, आणि यंत्रानें त्याचे तीन ते पांच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांचेवर बसवलेल्या या कापाला दोन रंग देतात; पेशींचीं केंद्रें निळीं होतात, बाकीचा भाग गुलाबी. १८३३ सालीं फ्रान्सिस किर्नन या शस्त्रवैद्यानें यकृताच्या घडणीचें जें वर्णन केलें, तेंच आजही नजरेस पडतें: मधमाशांच्या पोळ्यासारखे लहान लहान खंडक, प्रत्येकाच्या मध्यभागीं एक शीर, आणि कोपऱ्यांवर धमनी, द्वारशीर व पित्तनलिका यांचें त्रिकूट. रक्त कोपऱ्यांवर येतें आणि पेशींच्या रांगांमधून झिरपत मध्याकडे जातें. गांवच्या नळयोजनेंत शेवटच्या घरास जसें उरलेंसुरलें पाणी मिळावें, तसें मध्यशिरेजवळच्या पेशींस उरलासुरला प्राणवायु मिळतो. हा नकाशा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्यावरच सारें अवलंबून आहे.

जुनाट यकृतदाह कशास म्हणावें, याविषयीं पूर्वीं ज्याचा त्याचा शब्द वेगळा असे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञमंडळानें २००६ सालीं एक ग्रंथ काढून हा गोंधळ आवरला. दाहाच्या पेशींची गर्दी, यकृतपेशींचा मृत्यु, उरलेल्या पेशींची नव्यानें वाढ, आणि तंतूंची जाळी, हीं त्याचीं लक्षणें ठरलीं. यांतील तंतु म्हणजे जखमेवर धरलेला किण. आणि किण धरावयास काळ लागतो. रक्ताला जो भूतकाळ बोलतां येत नव्हता तो हाच. तंतु एका त्रिकूटापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधूं लागले म्हणजे रोग मुरला असें समजावें. त्यांनीं मूळची मांडणी मोडून पेशींच्या गोल गांठी करून सोडल्या म्हणजे लॅनेकचा तो पिंगट रंग आला. तपासणारा म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहितो: आग आज किती आहे, आणि घर आजवर किती जळलें आहे.

राहतां राहिला प्रश्न आग कोणीं लावली हा. आणि येथें तांब्याची गोष्ट सुरू होते. बेडलिंग्टन टेरियर नांवाची, कोंकरासारखी दिसणारी एक इंग्लिश जात आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथील पशुवैद्यांनीं या कुत्र्यांच्या यकृतांत तांब्याचा भयंकर सांठा होत असल्याचें प्रसिद्ध केलें. निरोगी कुत्र्याच्या यकृतांत, वाळलेल्या एका ग्रॅममध्यें, सुमारें चारशें मायक्रोग्रॅमपर्यंत तांबें असतें. या कुत्र्यांत तें कित्येक हजारांवर जाई. २००२ सालीं डच शास्त्रज्ञांनीं त्याचें मूळ शोधलें: 'सीओएमएमडी१' या जनुकाचा एक भाग या जातींत गळालेला आहे, आणि मातापिता दोघांकडून असें सदोष जनुक आलें म्हणजे पिल्लास रोग जडतो. लॅब्रॅडोर कुत्र्यांतील तांब्याचा विकार २००६ च्या सुमारास नीट वर्णिला गेला. त्यांतील एक धागा २०१६ सालीं डच शास्त्रज्ञांस सांपडला. मनुष्यांत ज्या जनुकाच्या बिघाडानें विल्सनचा रोग होतो, त्याच 'एटीपी७बी' जनुकांतील एक फरक या कुत्र्यांत तांबें वाढवितो, आणि 'एटीपी७ए' या दुसऱ्या जनुकांतील फरक तें थोडें आवरतो. परंतु या दोहोंनीं सगळ्याच कुत्र्यांचा उलगडा होत नाहीं. खाण्यांतून किती तांबें जातें हेंही पाहावें लागतें. १९९७ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांच्या तयार खाद्यांतील, शरीरास जवळजवळ न लागणारें तांब्याचें ऑक्साइड वापरूं नये असें ठरलें, आणि त्याच्या जागीं सहज शोषलीं जाणारीं तांब्याचीं संयुगें आलीं; त्यानंतर विकार वाढला काय, यावर २०२१ पासून तज्ज्ञांत उघड वाद चालला आहे.

मात्र यकृतांत तांबें सांपडलें एवढ्यावरून तें गुन्हेगार ठरत नाहीं. शरीरांतील जास्तीचें तांबें पित्तावाटे बाहेर पडतें. तेव्हां दुसऱ्याच कारणानें पित्त तुंबलें तरी तांबें सांठूं शकतें. मग तें रोगाचें कारण कीं परिणाम, हें ओळखावें कसें? याचें उत्तर किर्ननच्या नकाशांत आहे. रोडॅनिन नांवाचा रंग दिला कीं तांब्याचे कण नारिंगी-तांबडे दिसूं लागतात. ते मध्यशिरेभोंवतीं दाटले असतील तर तांबें हेंच मूळ. कोपऱ्यांवर, पित्तनलिकांपाशीं असतील तर तें बहुधा तुंबलेल्या पित्ताचें लेणें. मोजणीचा आंकडा एकटा घेतला तर तोही फसवितो, कारण नव्यानें वाढलेल्या गांठींत आणि तंतूंत तांबें कमी असतें व नेमका तोच अंश मोजणीस गेला तर हिशेब खोटा पडतो. म्हणून रंगानें आंकड्याची आणि आंकड्यानें रंगाची उलटतपासणी करावयाची. एकाच शब्दाचा अर्थ त्याच्या वाक्यांतील जागेवरून ठरतो, हें आम्ही तीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों आहों; धातूच्या कणांनाही तोच नियम असेल, हें आम्हांस नवीन होतें.

सोनीचा अहवाल दोन आठवड्यांनीं आला. दाह मध्यम, तंतु थोडे, गांठी नाहींत, तांब्याचे कण मध्यशिरांभोंवतीं, आंकडा १,८४०. डॉक्टरीणबाईंनीं कांच यंत्रावर चढवून आम्हां उभयतांस दाखविली. गुलाबी शेतांत मधोमध विटकरी रंगाची रांगोळी पसरावी तसें तें दिसत होतें. दिसावयास सुंदरच म्हणावें लागेल. आमच्या कुटुंबानें यंत्रांतून डोळा न काढतां विचारलें, "हें सगळं तिच्या पोटांत होतं, आणि ती शेपूट हालवीत होती?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होय बाई. आणि अजून तंतु थोडेच आहेत, म्हणून आपल्या हातांत वेळ आहे."

उपचार पेनिसिलामिनचा. हें औषध ब्रिटनमधील डॉ. जॉन वॉल्श यांनीं १९५६ सालीं विल्सनच्या रोगावर प्रथम योजिलें. तें तांब्यास धरून लघवीवाटे बाहेर नेतें. त्यानें ओकाऱ्या होतात, अन्नावर वासना राहत नाहीं, आणि तें महिनोन् महिने द्यावें लागतें. खाटकाकडील कलेजी वर्ज्य झाली, कारण बकऱ्याच्या काळजांत तांबें भरपूर. गोळ्यांचें वेळापत्रक आमच्या कुटुंबानेंच स्वतःच्या हातीं घेतलें व स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर खुणा करून पाळलें. नऊ महिन्यांनीं रक्तांतील आंकडे मर्यादेंत उतरले. सोनी आज आठ वर्षांची आहे. आहाराचें पथ्य व अधूनमधून तपासणी ही तिला जन्मभराची आहे.

एवढ्या खटाटोपानंतर कोणी म्हणेल, कुत्र्यासाठीं हें सारें? त्यांस आम्ही आपल्याच पुण्यांतील एक गोष्ट सांगूं इच्छितों, कारण तींतला धातु तोच आहे. लहान मुलांस होणारा यकृताचा एक घातक विकार हिंदुस्थानांत १८८७ पासून वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. सहा महिन्यांपासून तीनचार वर्षांपर्यंतचीं मुलें, बहुधा खात्यापित्या घरचीं. पोट फुगे, यकृत दगडासारखें लागे, कावीळ होई, आणि मूल जाई. कित्येकदां एकाच घरांतील एकापाठोपाठ एक. आमच्या लहानपणीं, १९७०नंतरच्या वर्षांत, आमच्या आळींतील एका घरीं अशीं दोन भावंडें गेलेलीं आम्हांस आठवतात; लोक दृष्ट म्हणत, कोणी मातेच्या दुधास दोष देत, बाकीचे नशिबास. १९७९ सालीं या रोगानें आजारी मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचें प्रमाण फार मोठें असल्याचें 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं पुढें या मुलांच्या बाळपणींच्या दुधाची चौकशी केली. तान्ह्या वयांतच वरचें दूध, आणि तें तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें, असा इतिहास वारंवार निघूं लागला; १९८३ सालीं त्यांनीं तो मांडला. त्यावर सर्वांचें एकमत लगेच झालें नाहीं, आणि जन्मजात प्रवृत्तीचा भाग किती हा प्रश्न राहिलाच. परंतु घरोघरचीं दुधाचीं भांडीं बदललीं, आणि पुढल्या दहापंधरा वर्षांत हा रोग दुर्मिळ होत गेला. लवकर हातीं लागलेल्या मुलांस पेनिसिलामिननें वांचवितां येतें, हेंही पुण्यांतच दिसून आलें.

आमच्या आळींतील त्या दोन भावंडांस काय झालें होतें, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. त्यांच्या यकृताचा तुकडा कोणीं पाहिला नव्हता. त्या काळीं त्या घरास तसें सुचविणारें कोणी नव्हतें, आणि सुचवितें तर काळजाच्या तुकड्याच्या काळजाचा तुकडा काढूं देण्यास ती माउली कितपत तयार झाली असती, हेंही आम्ही जाणतों. तिला आम्ही यत्किंचितही दोष देत नाहीं. परंतु जें पाहिलें गेलें नाहीं तें दृष्टीवर, दुधावर आणि नशिबावर ढकललें जातें, आणि तोंवर स्वयंपाकघरांतील पातेलें आपलें काम मुकाट्यानें करीत राहतें, हें मात्र विसरतां येत नाहीं.

तुकड्याची साक्ष सर्वस्वीं निर्णायक असते असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. कांच एकच असतां दोन तज्ज्ञ तिचें वाचन थोडें वेगळें करतात. पुष्कळ कुत्र्यांत दाह स्पष्ट दिसतो, तांबें नसतें, जंतु नसतात, आणि अहवालाच्या शेवटीं 'कारण अज्ञात' एवढेंच लिहावें लागतें. खर्च आहे, भुलेचें भय आहे, थोडाबहुत रक्तस्रावही होतो. प्रत्येक कुत्र्यास हें करावेंच असें कोणी समंजस वैद्य म्हणणार नाहीं. ज्याचा रोग सिऱ्होसिसच्या पार गेला, ज्याचें रक्त गोठत नाहीं, त्यास सुखानें राहूं देणें हेंच कर्तव्य असतें. पण ज्याच्या बाबतींत उत्तरावरून उपचार बदलणार आहे, तेथें न पाहणें ही दया कीं आपल्याच मनाची सोय, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आमच्या कुटुंबाचा तो आक्षेप आम्हीं अजून टाकून दिलेला नाहीं. मुक्या प्राण्यास विचारतां येत नाहीं, हें खरेंच. आणि म्हणून त्याच्यावर शस्त्र चालविणाऱ्यानें दोनदां थांबावें, हेंही खरें. परंतु त्याच्याकडून उत्तर घेण्याचा दुसरा मार्ग त्यानें आपणांस ठेवलेला नाहीं. तो कण्हत नाहीं, तारखा सांगत नाहीं, उजव्या बरगडीखालीं हात ठेवून दाखवीत नाहीं; त्याचा सारा वृत्तांत त्या डाळीएवढ्या तुकड्यांतच काय तो लिहिलेला असतो. तो मागतांना पुरेसा मागावा, आणि वाचतांना सावकाश वाचावा.